परत फिरायला कारण लागत नाही

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी ‘नेव्हीवाले नाना’ असं उत्तर देतो. आईवडिलांना यात धरत नाही. त्यांचे उपकार मोजायला बसणं हाच आगाऊपणा. नाना नात्याने माझे कुणी नव्हते. खरं सांगायचं तर ते नेव्हीतही नव्हते. परदेशातल्या तेलाच्या कामांवर ते समुद्राखाली पाइप जोडायचे आणि सुट्टी मिळाली की पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये उतरायचे. “नेव्ही न्हाई रे, ठेकेदाराचा माणूस हुतो मी,” असं ते भेटेल त्याला सांगत. पण पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावाला समुद्र आणि नेव्ही यांत फरक करायची कधी गरज पडली नव्हती. नाव पडलं ते पडलंच.

निवृत्त होऊन ते गावी आले आणि भावाच्या बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये राहू लागले. लग्न केलेलं नव्हतं. हातात तीन घड्याळं घालायचे, दोन डाव्या मनगटावर, एक उजव्या. यावर त्यांचं म्हणणं असं, की घड्याळ एक असलं तर त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो, दोन असली तर त्यांचं भांडण लागतं, तीन असली की मतदान घेता येतं. पारनेरच्या बाजारात शंभर वेळा गेलेला हा माणूस एसटी किती वाजता आहे हे तीन जणांना विचारायचा आणि दोघांचं जुळेल ते खरं धरायचा. गुहेत जाणाऱ्याच्या यंत्रात ऑक्सिजन मोजणारे तीन सेल असतात, त्याचं हे वळण आहे, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तोवर मीही इतरांसारखं म्हाताऱ्याचं डोकं थोडं सरकलंय असंच समजत होतो.

गुहेत नेलेल्या हवेचे तीन भाग करतात. एक जायला, एक यायला, एक अडचणीला. नाना हा हिशेब स्कूटरच्या पेट्रोललाही लावायचे आणि लग्नांनाही. लग्नाला बसायची आपली सहनशक्ती एक तृतीयांश संपली की ते अक्षता टाकून उठत. यजमान आडवे येत. “जेवून तरी जा की नाना!” नाना म्हणत, “परतीच्या वाटेवर बी मानसं भेटत्यात बाबा. त्यांच्यासाठी ठेवायला लागतंय.”

पण त्यांचा खरा नियम निराळा होता. गुहेत उतरणाऱ्यांमध्ये अशी पद्धत आहे, की कुणीही, कधीही, कुठल्याही जागेवरून परत फिरायचं म्हणू शकतो. त्याने खूण केली की सगळे फिरतात. आणि बाहेर आल्यावर त्याला कुणी ‘का’ म्हणून विचारत नाही. पाण्यात नाही, काठावर नाही, चहा पितानाही नाही. नाना म्हणायचे, “हवा संपून मेलेली मानसं मी कमी बघितली. जास्ती मेली ती लाजंनं. वर चार जन थांबल्यात, त्यांना काय सांगू, म्हनून पुढं गेली आन् ऱ्हायली तिकडंच.”

हा पाण्यातला नियम त्यांनी जमिनीवर आणला होता, आणि गावाला ते विचित्र वाटायचं. माझे वडील दूध संकलनाचा टेम्पो चालवतात. एकदा नाना त्यांच्यासोबत नगरला निघाले, तेव्हा ते नगरच होतं, आणि सुप्याच्या अलीकडे एकदम “थांबव” म्हणाले. उतरले आणि आल्या वाटेने चालू लागले. त्यांच्या पुतणीने साखरपुड्याच्या आदल्या दिवशी ‘मला नको’ म्हटलं, तेव्हा घरातली आणि भावकीतली सगळी माणसं तिला गराडा घालून कारण विचारत होती. नानांनी बाहेर जाऊन स्कूटरला किक मारली आणि दारातून एवढंच म्हणाले, “कुठं सोडू तुला?”

मी त्यांच्याकडे असाच आलो. मी घरातला पहिला पदवीधर. नगरच्या कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, तेव्हा आईने पेढे वाटले. एमआयडीसीत नोकरी लागली, तेव्हा पुन्हा वाटले. ती नोकरी मी आठवडाभरात सोडून आलो. का ते घरात सगळ्यांनी विचारलं, मावशीने फोनवर विचारलं, पेढ्यांच्या दुकानदारानेही विचारलं. दुपारी मी नानांच्या शेडपाशी जाऊन नुसता बसलो. नानांनी माझ्याकडे पाहिलं, आपल्या जुन्या सामानातली एक नळी हातात दिली आणि म्हणाले, “कोमट पाण्यानं धू. आतनं बी.” ते कारण मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

शेडमध्ये नाना एका यंत्राची निवड करत होते. त्याला रिब्रीदर म्हणतात. साध्या पाणबुड्याचा सोडलेला श्वास बुडबुड्यांनी वर निघून जातो. या यंत्रात तो जात नाही. तो नळीतून फिरतो, चुन्याच्या दाण्यांच्या डब्यातून गाळला जातो, लागेल तेवढा ऑक्सिजन त्यात मिसळतो आणि तोच परत तोंडाशी येतो. बुडबुडा म्हणून निघत नाही. नानांना नेमकं तेच हवं होतं, कारण त्यांना आमच्या बारवेत जायचं होतं.

गावाबाहेर जुनी दगडी बारव आहे. तिच्या तळाशी एका अंगाला भुयार आहे आणि बारवेला पाणी त्यातूनच येतं. अलीकडे ते कमी झालं. शेजारच्या गावांनी राळेगणचं बघून बांधबंदिस्ती केली, आमच्या गावाने राळेगणची सहल काढली. पाणी आटत चाललंय म्हटल्यावर ग्रामपंचायतीने बारव बुजवून वर सभामंडप बांधायचं ठरवलं. नाना ग्रामसभेत उभे राहिले. झरा जिवंत आहे, भुयारात पुढे कुठेतरी माती बसली आहे, मी आत जाऊन जागा शोधून देतो, वरून तिथेच खणा, असं त्यांनी सांगितलं. सरपंच म्हणाले, “दावा जागा. मंडप दुसरीकडं बांधू. न्हाई जमलं तर भराव टाकू.” ठराव तसाच झाला. म्हणजे बारव नानांच्या शब्दावर उभी राहिली. भुयाराचं छत मुरमाचं आहे. साध्या सिलिंडरने गेलं तर बुडबुडे छताला लागून मुरूम गळायला लागतो आणि पाणी चहासारखं होऊन जातं, परतीची वाट दिसत नाही. म्हणून रिब्रीदर.

आता असं यंत्र निवडताना लोक काय बघतात हे मी रोज बघतो, कारण तीच माझी नोकरी आहे. स्क्रीन केवढा, रंग कुठला, कुणाकडे कुठलं आहे. नानांनी सुरुवात भोकापासून केली. भुयाराच्या तोंडाचं माप घेऊन त्यांनी प्लायवूडला तेवढंच भोक पाडलं आणि ती फळी शेडच्या दारात आडवी ठोकली. मग पाठीवर भुशाचं पोतं बांधून त्यातून सरपटत जायला लागले. अडकले. पोतं छातीवर बांधलं. गेले, पण खालची जमीन दिसेना. मग दोन लहान पोती करून दोन्ही कुशींना बांधली आणि साप बिळात जावा तसे पलीकडे निघाले. दार रस्त्यावर होतं. कॉलेजला जाणाऱ्या मुली थांबून बघायच्या. नानांचं झालं की मला म्हणायचे, “आता तू.” मीही पोतं बांधून सरपटायचो. “नाना, तिकीट किती?” असं रस्त्यावरून कुणीतरी ओरडायचंच. नाना भोकातूनच उत्तर द्यायचे, “आत यायला फुकट. जायला ज्याचं त्यानं बघायचं.” मला मात्र तोंड कुठे लपवावं कळायचं नाही. मी पदवीधर होतो ना.

अशा रीतीने कुशीला लावायचं यंत्र ठरलं. ओळखीच्या एका परदेशी पाणबुड्याचं वापरलेलं यंत्र मागवलं आणि ते आपल्या मापाचं करण्यात आमचा सगळा पावसाळा गेला. ऑक्सिजन यंत्राने आपोआप सोडावा की माणसाने हाताने, यावर नाना स्वतःशीच वाद घालायचे. “यंत्र झोपलं तर मी जागा पायजे, मी झोपलो तर यंत्र जागं पायजे.” शेवटी त्यांनी ऑक्सिजनची एक बारीक धार सतत चालू राहील अशी ठेवली आणि वरचा लागेल तो बटण दाबून हाताने द्यायचा, असं जुळवलं. ऑक्सिजनचा कॉक उजवीकडे, हवेचा डावीकडे, आणि दोन्हींच्या मुठी वेगवेगळ्या, एक गुळगुळीत, एक सुतळी गुंडाळलेली. माझ्या डोळ्यांवर पंचा बांधून ते विचारायचे, “हवा कुठंय? आता कुठंय? बघू नको, सांग.” यंत्रच बंद पडलं तर घरी यायला साध्या हवेची दोन वेगळी सिलिंडर. चुना नगरच्या दवाखान्यांना माल पुरवणाऱ्याकडून यायचा, भूल देण्याच्या यंत्रात तोच वापरतात. तो डब्यात भरताना थोपटून भरायचा, फट राहिली तर श्वास फटीतून न गाळताच निघून जातो.

एकदा पुण्याचा एक हौशी पाणबुड्या बघायला आला. सेलवर शुद्ध ऑक्सिजन सोडला की स्क्रीनवर एक आकडा यायला हवा, तो एकाच्या थोडा खालीच थांबला, तेव्हा तो म्हणाला, “सेल खराब आहेत, बदला.” मी लगेच मान डोलावली. नाना म्हणाले, “सेल चांगलं हायेत. तुमी समुद्रावर शिकलाय. हितं पठारावर हवाच पातळ हाय, ती बिचारी एक कुठनं दाखवंल?”

यंत्राचं मॅन्युअल इंग्रजीत होतं. नाना ते मला मोठ्याने वाचायला लावायचे, डिक्शनरी मांडीवर घेऊन. माझं इंग्रजी सगळं त्या पुस्तकातलं, म्हणजे सगळं ताकीद देणारं. पुढे अशी यंत्रं विकणाऱ्या गोव्यातल्या कंपनीत मुलाखतीला गेलो, तेव्हा ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर मला घाम फुटला. पण समोर यंत्र ठेवल्यावर मी असा काही बोलत सुटलो, की साहेब म्हणाले, हा आपल्याला रागावतोय की काय.

नानांनी बारवेत उतरायचा दिवस ठरवला, तो गावाने आपलासा केला. गणपती मंडळाने स्पीकर लावला. सरपंच हार आणि नारळ घेऊन आले. बारवेच्या चारी कठड्यांवर माणसं बसली. वडील पुढच्या रांगेत होते. यंत्र आपल्या पोरानं जोडलंय, हे त्यांनी सकाळपासून सगळ्यांना सांगितलं होतं. मंडळाचा पोरगा माइकवर सुरू झाला होता. “नेव्हीवाले नाना थोड्याच वेळात पाण्यात उतरत आहेत. सर्वांनी शांतता राखावी. लहान मुलांना कठड्यावर बसवू नये.”

पाण्यात जायच्या आधी यंत्र तोंडाला लावून, नाकाला चिमटा लावून काही वेळ नुसतं श्वास घेत बसायचं असतं. चुना काम करतोय की नाही ते तेव्हाच कळतं. नाना पायरीवर बसले आणि डोळे स्क्रीनवर ठेवून श्वास घेऊ लागले. कठड्यावरून आवाज आला, “हुक्का वढतोय का काय?” दुसरा म्हणाला, “झोपला बहुतेक.” मी तिन्ही आकडे बघितले. तिन्ही जुळत होते. नानांनी मान हलवली आणि खाली गेले. पाण्यावर काहीच उमटेना, तशा बायका ओरडल्या, “आगं बया, बुडबुडं न्हाईत! गेला म्हातारा!” मी माइक घेतला आणि सांगितलं की बुडबुडे येतच नाहीत, हे यंत्रच तसं आहे. वडिलांनी मागे वळून सगळ्यांकडे बघितलं.

नाना लवकरच वर आले. टाळ्या सुरू झाल्या. त्यांनी आधी माउथपीसची खिट्टी बंद केली, मग तोंडातून काढला, आणि मला हळूच म्हणाले, “चल. गोळा कर.”

सरपंच पायऱ्या उतरून आले. “काय दिसलं, नाना?”

“आत गेलो न्हाई.”

टाळ्या थांबल्या. मंडळाचा पोरगाही माइक घेऊन खाली आला होता, तो आमच्या दोघांच्या मध्ये उभा. सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं, कारण यंत्र मी जोडलेलं. वडील कठड्यावरून उठून उभे राहिले होते. आणि मी नानांना विचारलं, “का, नाना?”

ते स्पीकरवर गेलं. बारवेत आवाज घुमतो. माझा ‘का’ चारी भिंतींना लागून परत आला.

नानांनी माझ्याकडे बघितलं. सेल बिघडला, असं ते म्हणू शकले असते. गावाला काय कळणार होतं? पण आकडे मी स्वतः बघितले होते आणि ते मला शिकवलेलं खोटं कसं करणार? ते म्हणाले, “भीती वाटली.”

तेही स्पीकरवर गेलं. शाळेच्या मैदानापर्यंत गेलं. मग एक जण वरून म्हणाला, “आरं, भ्यायला एवढं सामान कशाला लागतंय? आमी तर असंच भितो!” आणि मग सगळी बारव हसली. सरपंचांनी हार परत पिशवीत ठेवला.

मी खाली मान घालून नळ्या सोडवत राहिलो. शेडवर आल्यावर म्हणालो, “नाना, माझं चुकलं.” नाना म्हणाले, “चुना काढून टाक. ओला ऱ्हायला तर दगड होतो.” त्या दिवशीही त्यांनी एक नळी धुवायची सोडली नाही.

मला खूप दिवस वाटत होतं, की लाज वाटू देऊ नका असं सांगणारा हा माणूस स्वतःच लाजला. आता तसं वाटत नाही. परत फिरल्याची लाज त्यांना नव्हती. ते आयुष्यभर कुणाला कारण विचारत नव्हते, ते स्वतःचं कारण असं चव्हाट्यावर मांडावं लागू नये म्हणूनही असेल. ते मी मांडायला लावलं. त्यांनी ज्या एकाला शिकवलं होतं, त्याने. गावाने हसायचं ते हसून घेतलं. पण मी विचारलं नसतं तर हसायला गावाच्या हातात काही नव्हतं. पोरं स्कूटरमागे “भीती वाटली” असं ओरडत पळायला लागली. थोड्याच दिवसांत नाना पुणतांब्याला बहिणीकडे राहायला गेले. जाताना यंत्राची पेटी माझ्यापुढे सरकवली. “दे कुनाला तरी.” मी ती गोव्याला मुलाखतीला घेऊन गेलो आणि तिच्यावर नोकरी मिळवली. घरी आईने पेढे वाटले. मी एकही घेतला नाही.

कंपनीने मला पुढे गुहेत उतरायचं शिक्षणही दिलं. तिथल्या शिक्षकाने पहिल्या दिवशी तो नियम सांगितला, तेव्हा सगळ्यांनी वहीत लिहून घेतला. माझ्याने लिहवेना.

नाना फोन उचलत नाहीत. म्हणून परवा मी हे पत्र पाठवलं.

तीर्थस्वरूप नाना,

साष्टांग नमस्कार.

भरावाचा मुरूम बारवेजवळ येऊन पडला आहे. दिवाळी झाली की टाकायला सुरुवात करतील, असं वडील सांगतात. मी दिवाळीच्या आधी रजा काढली आहे. सरपंचांना फोन केला होता. जागा दाखवली तर ठराव अजून तोच आहे, असं ते म्हणाले. स्पीकर नको, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. कुणाला बोलावणार नाही.

यंत्र मी कुणाला दिलं नाही. तिन्ही सेल नवे बसवले आहेत. चुना ताजा आणला आहे. बाजूची दोन्ही सिलिंडर भरून ठेवतो, आणि भुयाराच्या तोंडाशी एक जादा.

आत जायची माझी तयारी आहे. पण तोंडाशी थांबायला माहीतगार माणूस लागतो आणि मला दुसरा कुणी माहीत नाही. किंवा तुम्ही जा, मी थांबतो.

त्या दिवशी मी विचारलं ते विचारायला नको होतं. याच्यावर जास्त लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि मला ते नको आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारणार नाही, म्हणून आपणहून सांगतो. मलाही भीती वाटते. त्या दिवशी पायरीवर उभा होतो तेव्हाही वाटत होती, तुम्ही पाण्याखाली गेल्यापासून वर येईपर्यंत. म्हणजे भ्यालेले आपण दोघंही होतो. गावाला एकच दिसला.

तुम्हाला न्यायला वडील पुणतांब्याला टेम्पो घेऊन येतो म्हणतात. कळवलं नाहीत तरी ते येतील. तुम्ही नाही म्हणालात तर परत जातील.

यंत्राचे पट्टे तुमच्याच मापाला आहेत. मी आवळलेले नाहीत.

आपला विद्यार्थी